खिडकीपासून दोन हात

वामनराव खोब्रागड्यांना ही हकिगत सांगायला लावली, की ते आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसतात. मग म्हणतात, "मला आठवतं तसंच घडलं, याची हमी मी देणार नाही हं." चौतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला, त्याच विषयात पीएच.डी. मिळवलेला माणूस. पण त्या मे महिन्याचा विषय निघाला की त्यांचे वार चुकतात, कुठली दुपार आधीची आणि कुठली नंतरची, यावर ते स्वतःशीच वाद घालत बसतात. म्हणून त्यांना आणि तेव्हा त्यांच्याकडे राहणाऱ्या नूतनला, दोघांनाही जे सारखं आठवतं, तेवढंच सांगायचं.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. कूलरसाठी वाळा आणायचा होता.

गडचिरोलीच्या टोकाला, जिथे कंपाउंडच्या भिंतीपलीकडे लगेच साग आणि मोह सुरू होतात, तिथे त्यांचं घर. मागची खोली त्यांनी तीन मुलींना राहायला दिली होती. पोंभुर्ण्याकडची नूतन नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. दिव्यानी आणि उर्वशी बी.एस्सी. करत होत्या. खोली देण्याआधी वामनरावांनी एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत नियम लिहून भिंतीला टांगले होते. गादीवर मोबाइल चार्जिंगला लावू नये. कॉइलची शेगडी आणू नये. झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. दारासमोर बॅगा ठेवू नयेत. असे सतरा नियम. उर्वशी त्या पुठ्ठ्याला 'सरांची घटना' म्हणायची आणि रोज एखादं कलम मोठ्याने वाचून दाखवायची.

खोलीला दार एकच होतं आणि ते मुलींच्या छोट्या स्वयंपाकघरात उघडायचं. म्हणजे स्वयंपाकघर पेटलं तर उरते ती अंगणाकडची खिडकी, आणि तिला गज. वामनराव या एका गोष्टीने कितीतरी रात्री कूस बदलत राहिले होते.

मे लागला. पारा शेहेचाळीसवर गेला. मुलींनी कुठूनसा एक मोठा जुना लोखंडी कूलर मिळवला. वेल्डरने येऊन खिडकीचे गज कापले आणि कूलर बाहेरून, चाकांच्या स्टँडवर, त्या चौकटीत गच्च बसवून दिला. वामनराव बघत उभे होते. खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी मोकळी झाली आणि दुसऱ्याच मिनिटाला बुजली, हे त्यांच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते भीत भीत बोलले, तर त्यांच्या पत्नी बायनाबाई उसळल्या. "अजी, पोरी आदी उकडून मरतीन न! मंग जळतीन त जळतीन. तुमचं काळीज सशाचं, अन् सोसावं त्या लेकरायनं?"

बायको चूक बोलत नव्हती. उन्हाने लाल झालेली त्या मुलींची तोंडं त्यांना बघवत नव्हतीच. ते स्वतः बाजारात गेले, वाळा घेऊन आले, कूलरला बसवला. संध्याकाळी तिघी गार हवेसमोर ओळीने बसून आंबे चोखत होत्या. ते पाहून त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या रात्री ते लवकर झोपले.

तिसऱ्या दुपारी उर्वशी तणतणत पुढच्या दारी आली. "सर, कूलर काऊन सरकवला जी? घामानं जाग आली आमाले."

कूलर खिडकीपासून दोन हात लांब, अंगणात उभा होता. काठोकाठ पाण्याने भरलेला. चाकांचे खोल चरे मातीत उमटले होते. तिघी मुलींनी मिळून ढकलला तेव्हा कुठे तो जागेवर गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. वेळ दुपारची, दोन-अडीचची. गडचिरोलीत मे महिन्यात त्या वेळी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. सगळं गाव पडदे ओढून पडलेलं असतं. जंगलात कुठे ना कुठे पाचोळा जळत असतो, त्याचा धूर हवेत कायमचाच. त्या वासाने इथे कुणी उठत नाही. उन्हाळ्याचा वासच तो.

"चाकं वाजते सर," दिव्यानी हळूच म्हणाली. "कर्रर्र... असं. बाहेर पाहाले उठाव म्हणते, पण आंग उचलत नाई."

"माकडं असतील," वामनराव म्हणाले.

"माकडं येवढे शाने कधीपासून झाले?" उर्वशी म्हणाली. "मले त वाटते सर, तुमीच येता. तुमची घटना आठवते न तुमाले झोपेत."

ती थट्टेत बोलली होती. वामनरावांना मात्र घाम फुटला, कारण दोन दिवस त्यांच्याही मनात हेच येत होतं. आपण झोपेत चालतो की काय? पासष्टी उलटली, डोकं धोका देऊ लागलं की काय? पण त्यांच्याच्याने पाण्याची अर्धी बादली उचलत नव्हती, मग तो भरलेला कूलर...

त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे प्रयोग करायचं ठरवलं. नूतनला सांगितलं, "दुपारभर माझ्यासमोर बस. मी उठलो, तर अडवू नकोस. फक्त बघ."

नूतन या मुलींमध्ये सगळ्यांत शांत होती. पुढच्या पडवीत ती पुस्तक घेऊन बसली, वामनराव आरामखुर्चीत. दोन वाजले. झळा अशा, की भिंतही हललेली दिसावी. वामनरावांनी डोळे मिटू द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. तरी ते मिटले.

जागे झाले ते मागच्या अंगणातल्या आवाजाने. कर्रर्र... आणि मग काही नाही.

"नूतन... मी उठलो होतो?"

"नाई सर." ती त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत होती. "तुमी इथीच होते. पाच मिनिटं डोळा लागला तुमचा. मी पापणी नाई लवू दिली."

"मग आवाज?"

"सर... तुमच्या बाह्या."

पांढऱ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या मनगटापासून कोपरापर्यंत चिंब ओल्या होत्या. त्यांना वाळ्याचा वास येत होता.

मग नूतनने आत जाऊन कोरडा टॉवेल आणला, त्यांचे हात पुसले. आपल्या आजोबांचे पुसावेत तसे, एकेक बोट करून. "कोनाले नाई सांगत मी," ती म्हणाली. "पण तुमी भिऊ नोका सर. जे काई आहे, ते आमचं वाईट नाई करून राह्यलं."

वामनराव भ्यालेच. त्यांना त्या गोष्टीची नव्हे, स्वतःची भीती वाटली. जन्मभर जे शिकवलं त्यात हे कुठेच बसत नव्हतं, आणि लोकांना कळलं तर वेड्यातच काढतील. त्या भीतीपोटी त्यांनी जे केलं ते त्यांना आजतागायत टोचतं. संध्याकाळी ते पक्कड घेऊन अंगणात गेले आणि कूलरचा स्टँड खिडकीच्या चौकटीला लोखंडी तारेने बांधून टाकला. पाच पिळे दिले, करकचून. मुली आतून म्हणाल्या, "वा सर! आता हालत नाई." त्यांनी हसून मान डोलावली. सतरा नियम लिहिणाऱ्या माणसाने त्या खोलीची दुसरी वाट स्वतःच्या हाताने बंद केली.

कूलर खरंच हलला नाही. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी वामनरावांना घेरी आली. शेजाऱ्याच्या गाडीतून बायनाबाईंनी त्यांना चंद्रपूरला नेलं. ऐंशी किलोमीटर. दवाखान्यात छातीला तारा चिकटवून कमरेला एक डबी बांधली. काळजाचे ठोके ती चोवीस तास टिपून ठेवणार होती. एक इंजेक्शन दिलं, "आता पडून राहा," म्हणाले.

पडल्या पडल्या त्यांना ते पाच पिळे दिसू लागले.

"नूतनला फोन कर," ते बायकोला म्हणाले. "म्हणावं, तार सोडून ठेव. आत्ताच्या आत्ता."

"अजी, आता ड्यूटीवरून येऊन झोपली असन ते लेकरू. सांजच्याले करू न."

"बायना... कर ना."

"करतो म्हणलं न. डोये मिटा." त्यांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटत राहिल्या. इंजेक्शनचा अंमल चढला. वामनराव झोपले.

स्वप्न पडलं की नाही, ते त्यांना आठवत नाही. तीन वाजता ते धापा टाकत उठले, तेव्हा बायनाबाई पलंगाशी तशाच बसल्या होत्या, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमचा हात त माह्याच हातात होता जी," त्या पुटपुटल्या. "मी सोडला नाई. पानी प्याले बी नाई उठली. मंग हे..."

वामनरावांच्या दोन्ही अंगठ्यांची साल निघाली होती. तर्जनीवर तारेचे आडवे वळ होते, ताजे.

तेवढ्यात फोन वाजला. नूतन होती. ती इतकी रडत होती, की शब्द लागत नव्हते.

"बाई... सर कुठी आहेत? बरे आहेत न? सांगा न पहिले!"

हळूहळू कळलं ते असं. कूलरची वायर स्वयंपाकघरातून खोलीत नेलेली होती, आणि सिलिंडरच्या वरच्या फळीमागे तिला एक जोड होता. सतरा नियमांत त्या जोडाचा उल्लेख राहून गेला होता. तो तापून फळीवरचा कागद पेटला, मग पडदा. तिघी झोपलेल्या. धुराचा वास आला होता, पण जंगलच जळत असेल असं वाटून दिव्यानी कूस बदलून पुन्हा झोपली. जाग आली ती तोंडावर एकदम ऊन आलं म्हणून. कूलर खिडकीतून निघालेला होता. तार तुटलेली नव्हती. पिळे उलगडून, सरळ करून, कुणीतरी ती खिडकीखाली नीट ठेवलेली होती. मागे दार जळत होतं आणि समोर, अंगणात, सर उभे होते. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात पुढे केलेले.

"काईच बोलले नाई ते," नूतन सांगत होती. "उर्वशीले घेतलं, मंग दिव्यानीले, मंग मले. लहान पोराले काखेत धरून उतरवते, तसं. हात किती गार होते बाई त्यायचे... अन् आमी भिंतीपाशी पोचलो, त ते परत खिडकीकडे गेले. मंग सिलिंडर फुटला. सर आत गेले असतीन असं वाटून आमी बोंबलून राह्यलो, अन् अग्निशमनवाले म्हनतात, आत कोनीच नाई..."

बायनाबाईंनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. वामनराव एवढंच म्हणाले, "मी इथेच आहे, बेटा. तिघीही सुखरूप ना? मोजून सांग."

"तिघी बी, सर."

खोली पुन्हा बांधली तेव्हा वामनरावांनी तिला अंगणाकडे दुसरं दार ठेवलं आणि सगळी वायर नवी टाकली. मुली शिकून आपापल्या वाटेला लागल्या. त्या दुपारबद्दल कुणी फार बोललं नाही. बाकीच्यांना वाटलं, घाबरलेल्या पोरींना शेजारचा कुणी सरांसारखा दिसला असेल. त्या डबीच्या अहवालाचं पहिलं पान डॉक्टरांनी तेव्हा वाचलं, "झोपेत थोडी धडधड दिसते," म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. पुढची पानं वामनरावांनी उघडली नाहीत. त्यांची हिंमत झाली नाही.

सहा वर्षांनी पेसमेकर बसवायची वेळ आली. नूतन तोवर नागपूरला हृदयरोगाच्या विभागात सिस्टर झाली होती. तिनेच सगळे जुने कागद मागवून घेतले. एका सकाळी, तपासणीची वेळ सुरू व्हायच्या आधी, ती वामनरावांच्या शेजारी येऊन बसली. हातात त्या दिवसाचा आलेख होता.

"सर, हे पाहा. दोन वाजून वीस मिनिटं. तुमी पलंगावर झोपले होते, अन् काळीज असं पळून राह्यलं जसं कोनी ओझं उचलून राह्यलं. हा मोठा, लांब चढ... हा कूलरचा असन." तिचं बोट पुढे सरकलं. "मंग हे वेगवेगळे. हा उर्वशीचा. हा दिव्यानीचा. हा माहा."

ती थांबली. वामनरावांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं.

"मग हा कोणाचा?"

नूतनने त्यांचा हात हातात घेतला, आणि दोघं त्या कागदाकडे बघत राहिली.

वामनरावांनी नंतर अग्निशमन विभागाकडून त्या दिवसाच्या नोंदीची नक्कल काढून आणली. तीत लिहिलं आहे: बाहेर पडलेल्या व्यक्ती, तीन; आत कोणी आढळले नाही. आलेखावर मात्र नूतनच्या चढानंतर दोन मिनिटांनी, म्हणजे सिलिंडर फुटायच्या जरा आधी, आणखी एक चढ आहे. तो अगदी बुटका आहे. दोन-तीन वर्षांचं लेकरू उचलावं, तेवढाच. त्या घरात लेकरू नव्हतंच.