नादतापी आणि पंधरा वावांचा दोर

चांदमारा तलावाच्या निरीक्षण केंद्रातला पडदा सकाळी नऊ वाजता केशरी झाला आणि डॉ. शाल्मली कोसरे हातातला चहा ठेवून उभी राहिली. केशरी रंग म्हणजे पालट-इशारा. केंद्र सुरू झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत तो एकदाही लागला नव्हता.

"तळाचं तापमान बावीस अंश," तिचा सहकारी टेंभरे वाचू लागला. "वरचं बावीस पूर्णांक चार. मॅडम, दोन्ही एक झालं की संपलंच."

चांदमारा ही मँगनीजची जुनी खाण. ती बंद पडली आणि पाण्यानं भरली. इतक्या खोल पाण्याचे दोन मजले होतात. वरचा मजला कोमट, त्यात मासळी राहते. खालचा थंड, जड, प्राणवायू संपलेला. दोहोंमधल्या सीमेला शाल्मलीनं नाव दिलं होतं तापउंबरा. खालचं पाणी थंड आहे तोवर ते जडपणानं तळाशी पडून राहतं. थंडीत वरचं पाणी निवून दोन्ही सारखी झाली की उंबरा मोडतो, तळचं मेलेलं पाणी वर येतं आणि एका दिवसात सगळी मासळी गुदमरते. हाच पालट.

तळाचं तापमान मोजायला सोडलेल्या तारा तिथलं पाणी वर्षभरात खाऊन टाकी. म्हणून शाल्मलीनं तारेशिवाय चालणारी नादतापी बनवली होती. तरंगता डबा तळाकडे नाद सोडतो आणि परतलेला प्रतिध्वनी ऐकतो. कोमट पाण्यातून नाद जलद जातो, थंड पाण्यातून सावकाश. वरच्या पाण्याचा ताप डबाच मोजतो, म्हणून जाण्यायेण्याच्या वेळावरून तळाचा ताप कळतो. आता देशातल्या चाळीस तलावांवर नादतापी होत्या. हे कुणी बोलून दाखवलं की शाल्मली मान खाली घाली, पण तिला ते ऐकायला फार आवडे.

इशारा लागला की बाकीचं आपोआप होई. दुपारी बाराला यंत्रजाळी घेऊन नावा निघणार होत्या आणि तलावातली मासळी गुदमरण्याआधीच झाडून काढणार होत्या. रोहू नि कतला अजून वीतभरही झाले नव्हते. होळीपर्यंत राहिले असते तर हातभर झाले असते.

दार उघडून देवकाबाई नान्हे आत आल्या. वय सत्तरीच्या पुढे, धिवरांच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष. हातात गोणपाटात गुंडाळलेला पितळी तांब्या होता. तोंडाला लाकडी बूच, बुचाला वेगळी दोरी.

"बाई, नावा थांबवा," त्या म्हणाल्या. "तळ थंडगार हाये."

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"आत्ताच उतरवला होता. तळाला टेकला की बूच ओढाचं, भरला की वर घ्याचा. बोट घालून पाहा ना."

शाल्मलीनं बोट नाही, काचेचा तापमापक घातला. पारा एकोणीसवर थांबला.

टेंभरे हसला. "वर येईपर्यंत पाण्याचा ताप बदलत नाही का, मावशी?"

"बदलतो," शाल्मली सावकाश म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "पण कुठल्या बाजूनं, टेंभरे? वरचं पाणी बावीसचं. वाटेत तांब्या तापेल, निवणार कसा? तळ एकोणीस असेल किंवा त्याहून थंड. बावीस असूच शकत नाही."

टेंभरे पडद्याकडे वळला.

"म्हणजे नादतापी बिघडली?"

शाल्मलीनं वेळेच्या नोंदी तपासल्या. घड्याळात खोट नव्हती. नाद खरोखरच लवकर परतत होता. "वेळ बरोबर आहे. लवकर परतायला दोनच कारणं असतात. एक तर पाणी कोमट झालं, नाहीतर..."

"नाहीतर वाट कमी झाली," देवकाबाईंनी वाक्य पुरं केलं. "लवकर घरी येणारा माणूस जोरात चालला म्हनूनच येते का? कधी घरच जवळ आलेलं असते."

"पण तळ खडकाचा आहे!" टेंभरे म्हणाला. "खाण कोरडी असताना मोजलीय. सत्तावीस मीटर."

"पंधरा वाव," दोन्ही हात पसरून वावाचं माप दाखवत देवकाबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं गाठी मारल्या तवा पंधराच होते. चला, मोजून घेऊ."

त्यांचा दोर सुती होता, वावावावाला गाठ, टोकाला वजन म्हणून जाड लोखंडी तवा. दगड चिखलात रुततो, तवा वर बसतो, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. टेंभरेनं दोर व्हरांड्यात पसरून पट्टी लावली आणि मान हलवली. "पंधरा वाव म्हणता, पण हा अर्धा मीटर जास्त भरतोय."

"कोरडा मोजता काऊन जी? पाण्यात काय कोरडा जाते?"

दोर हौदात भिजवला. सूत आखडलं. पुन्हा पट्टी लावली तर बरोबर सत्तावीस मीटर. सासऱ्यांनी गाठी ओल्या दोराला मारल्या होत्या. टेंभरे नाव सोडायला गेला.

वारा पडला होता. देवकाबाईंनी तीन ठिकाणी तवा टेकवला, तिन्ही वेळा दोर ताठ धरला आणि पाण्याच्या रेषेवर चिमूट ठेवली. काठावरच्या पट्टीवरून पाण्याची पातळी जमेस धरून शाल्मलीनं हिशेब केला. पंधरावी गाठ पाण्याच्या वर राहत होती. चार बोटं, म्हणजे आठ सेंटीमीटर.

तिनं नावेतच आकडेमोड केली. आठ सेंटीमीटर वाट कमी झाली, तर नादतापीला तळ तीन अंशांनी गरम भासेल. एकोणीसचे बावीस. अगदी तंतोतंत.

साडेअकरा वाजता केंद्रप्रमुख म्हणून तिनं स्वतःच्या सहीनं इशारा रद्द केला. बारा वाजले, नावा धक्क्यालाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पालट झाला नाही, महिन्यानंतरही नाही. होळीला संस्थेच्या बायकांनी हातभर रोहू काढले.

पण त्या दुपारी मासळी वाचल्याचा आनंद तिला फार वेळ लाभला नाही. परत येताना टेंभरे वल्हं थांबवून म्हणाला, "मॅडम, हा गाळ आला कुठून?"

"मासळीचं खाद्य, विष्ठा, शेवाळ. तलावात मासळी सोडल्यापासूनची अकरा वर्षं, थोडं थोडं, दरवर्षी..."

दरवर्षी. गाळ एका रात्रीत साचला नव्हता. चांदमाऱ्याचा तळ दरवर्षी थोडाथोडा तापतो, हा तिचाच शोध होता. सरळ रेषेत चढणारा तो आलेख पाठ्यपुस्तकांत गेला होता. त्यावर तिला सुवर्णपदक मिळालं होतं, परदेशातल्या तीन विद्यापीठांनी तिला बोलावलं होतं. तळ कधी तापलाच नव्हता.

"मंग तुमचं यंत्र खोटं निघालं का, बाई?" देवकाबाईंनी हळूच विचारलं. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

शाल्मलीनं मांडीवर वही उघडली. तिनं तीत आठ सेंटीमीटर भागिले अकरा वर्षं असा भागाकार मांडला, पुन्हा तपासला आणि मान वर केली.

"नाही मावशी. तळाचा ताप तुमच्या तांब्यानं सांगितला, की माझं यंत्र तळ नेमका किती खोल आहे ते सांगतं. वर्षाला सात मिलिमीटर गाळ, आणि एकही वर्ष चुकलेलं नाही. इतका बारीक खोलीमापक जगात कुणाकडे नाही. अकरा वर्षं ते बरोबरच मोजत होतं. काय मोजतंय, हे मलाच माहीत नव्हतं."

त्याच संध्याकाळी तिनं आपला शोध जाहीरपणे मागे घेतला आणि चाळीसही तलावांना कळवलं, की तळाचं पाणी हातानं काढून मोजल्याशिवाय नादतापीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. निवेदनाखाली तिनं सही केली. आजवर लिहिलेल्यांपैकी हाच कागद तिला सर्वांत जास्त आपला वाटला.

निरीक्षकांच्या रकान्यात तिनं दोन नावं लिहिली. देवकाबाई नान्हे हे पहिलं, तिचं दुसरं.