कोरी नजर

शिळी मालिका ताजी म्हणून खपली तर दर दसपट, एवढाच मुकुंदराव खांबेट्यांचा हिशेब होता. त्यांची कंपनी जुन्या मालिकांचे हक्क विकत घेई आणि गावोगावच्या वाहिन्यांना भाड्याने देई. पण प्रेक्षकांना शेवट पाठ असतो म्हणून वाहिन्या भंगाराचा भाव देत. आता प्रेक्षकच विसरले तर?

ती सोय डॉ. रेवती गुप्ते यांनी केली होती.

"आठवण दगडात कोरलेली नसते," त्या म्हणाल्या. "बाहेर काढली की ती कच्च्या मडक्यासारखी मऊ होते. काही तासांत मेंदू ती पुन्हा भाजून पक्की करतो. माझी गोळी ती भट्टीच पेटू देत नाही."

"म्हणजे रात्री जुन्या भागांची उजळणी, वर गोळी, आणि सकाळी गिऱ्हाईक कोरं!"

"कोरी नजर म्हणतो आम्ही त्याला. पण मालिका एकटी आठवत नाही, मुकुंदराव. बघताना शेजारी कोण होतं, तेही वर येतं. तेही जाईल."

"जाऊ द्या हो. शेजारचे नुसते चहा पितात."

कंपनीची एक रीत होती. कुठलीही मालिका आधी मुकुंदरावांच्या पत्नीला, शालनताईंना दाखवायची. त्या जितक्या रडतील तितका दर चढा. हा अंदाज कधी चुकला नव्हता. 'सावलीतलं घर' बघताना तर त्या वर्षभर रोज रडल्या आणि त्या मालिकेवर कंपनी उभी राहिली. ते वर्ष त्यांच्या कौस्तुभच्या आजारपणाचं होतं. संध्याकाळी आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो मालिका बघे. शेवटचा भाग लागण्याआधीच तो गेला. मुकुंदराव तेव्हा वसुलीच्या दौऱ्यावर होते.

आता तीच मालिका नवी करून विकायची होती. गोळी घेईल त्याला वर्षभर वाहिन्या फुकट म्हटल्यावर घरोघरी लोकांनी हसत गोळ्या घेतल्या. शालनताईंनी मात्र विचारलं, "अहो, सगळंच विसरेन का मी?"

"छे गं. फक्त गोष्ट."

त्या रात्री जुने भाग बघून शालनताईंनीही गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पहिला भाग लागला. करार आधीच झाले होते, आगाऊ रकमा खर्चून झाल्या होत्या. शालनताईंचं रडणं मुकुंदरावांनी गृहीतच धरलं होतं. त्या मटार सोलत बघत होत्या.

"ही बाई उगीच काय हुंदके देतेय? दुसरं काहीतरी लावा ना."

गावोगावी हेच झालं. आठवड्याभरात मालिका पडली. मुकुंदराव डॉक्टरांकडे धावले.

"रडणं मालिकेचं नव्हतंच हो," रेवतीबाई म्हणाल्या. "कुणाची आई शेजारी होती, कुणाचा नवरा."

"मग परत आणा ते!"

"कुठून? ते मडकं भाजलंच नाही."

वाहिन्यांनी आपले पैसे कंपनीची इमारत विकून वसूल केले. रेवतीबाईंच्या गोळीला घटस्फोटितांची दुसरी लग्नं जुळवणाऱ्या संस्थांकडून मागणी आली. शालनताईंना गाढ झोप लागू लागली.

कौस्तुभच्या तिथीला मुकुंदरावांनी एकट्याने पान वाढलं.

"कुणाचं हो?" शालनताईंनी विचारलं.

"एक मुलगा होता."

"मग त्याच्या आईनं नको का करायला?" म्हणत त्या आत गेल्या.

मुकुंदराव पानासमोर बसून राहिले. पोराला काय आवडायचं, तो हसायचा कसा, झोपताना काय मागायचा, यातलं काहीच त्यांना आठवेना. ते सगळं तिच्याकडे होतं. कंपनीचं नुकसान इमारत विकून भरलं गेलं. मुलाचं मात्र मुकुंदरावांनी एकट्यानं, पुरतं भरलं.