पाचवं फडकं

फोन खिशात घाला आणि जरा जवळ सरका. मी हे एकदाच सांगणार आहे, आणि संपल्यावर 'असं कसं झालं काका' म्हणून माझ्या मागे लागायचं नाही. मला माहीत नाही. ज्याच्यावर बेतलं त्या माझ्या साडूलाही माहीत नाही, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

साडू गॅसच्या बॉयलरचा मिस्त्री. थंडीत घर ऊबदार ठेवणारे, नळाला गरम पाणी देणारे ते भिंतीवरचे पेटारे असतात ना, ते साफ करायचे, दुरुस्त करायचे, सत्तावीस वर्षं हेच काम. कामावर सगळे त्याला 'काडी' म्हणायचे. कारण काम झालं की तो आगपेटीतली एक काडी ओढायचा, विझवायचा आणि तिचा धूर बॉयलरच्या धुराच्या नळीपाशी धरायचा. धूर आत ओढला गेला तर सगळं ठीक. तोंडावर आला तर बॉयलर तिथल्या तिथे बंद, मग घरमालक कितीही आदळआपट करो.

जानेवारीतला तिसरा मंगळवार. दुपारी तीन वाजता तो एका टेलरबाईच्या घरी वर्षाची साफसफाई करायला गेला. गल्लीतलं शेवटचं बैठं घर, समोर बंद पडलेलं गोदाम. घरात बाई आणि तिची चार वर्षांची मुलगी. आणखी कोण असतं ते त्यानं विचारलं नाही, आपल्याला काय करायचंय. बॉयलर स्वयंपाकघरात, आणि समोरच्या टेबलावर पांढऱ्याशुभ्र कापडाची चळत. कुठल्याशा दवाखान्याचे डगले शिवून द्यायचे होते. बाई म्हणाली, यावर काजळी उडाली तर मी मेले.

काजळी खाली पडू नये म्हणून हे लोक नळीच्या तोंडात फडकं कोंबतात. एक टोक बाहेर लोंबत ठेवायचं, म्हणजे काढायचं विसरत नाही. त्या दिवशी बाहेर वारा होता, नळीतून भुरभुर येत होती आणि बाईचा जीव टांगणीला लागला होता. साडूनं तिच्याकडे बघून फडकं पुरतं आत सारलं. काम आटोपल्यावर सवयीनं खिसा चाचपला, तर आगपेटी नाही. माझ्या मेहुणीनं रविवारीच त्याची सिगरेट सोडवली होती आणि आगपेट्याही गोळा करून टाकल्या होत्या. त्यानं वाकून ज्योत पाहिली. निळी होती. झालं, म्हणाला, कागदावर सही केली आणि निघाला.

आता ऐका. त्याच रात्री, अकरा वाजून दहा मिनिटांनी, तो बाथरूममध्ये उकिडवा बसून फडकी धूत होता. मेहुणी ती काळी फडकी मशीनच्या आसपासही फिरकू देत नाही. फडकी पाच. त्यानं चार पिळली. पाचव्यासाठी बादलीत हात घातला.

नुसतं पाणी.

पिशवी उलटी केली. गाडीत पाहिलं. आणि मग त्याला आठवलं, नळीत फडकं सारणारा स्वतःचाच हात आठवला. नळी तुंबली की जळलेल्या गॅसची हवा घरातच कोंडते. तिला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. सकाळी लोक दार फोडतात.

बाईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सात वेळा. गॅस कंपनीच्या रात्रपाळीला कळवलं, तर ते म्हणाले, गाडी काढतो, पण नदीपलीकडून यायला चाळीस मिनिटं लागतील. त्याला पंधरा लागणार होती. बूट चढवले आणि निघाला. देवाला न मानणारा माणूस, त्या पंधरा मिनिटांत त्यानं एकही देव सोडला नाही.

पोचल्यावर आधी फाटकापाशी मीटरची पेटी उघडून गॅस बंद केला. बॉयलर विझला असणार. पण आतली हवा तीच. दार ठोठावलं, लाथा घातल्या. जाड दार, हललं नाही. खिडक्यांना गज. पान्यानं एक काच फोडली, आत तोंड घालून हाका मारल्या.

काही नाही.

पुन्हा दाराशी आला. आणि दाराच्या आतून, अगदी जवळून...

"हळू. पोर झोपलीय."

म्हाताऱ्याचा आवाज. शांत.

"आजोबा, दार उघडा. हवा विषारी आहे आत. दोघींना उठवा."

"उठवलं. उठत नाहीत."

"मग कडी काढा. एवढी कडी काढा हो."

मग, "माझ्याच्यानं नाही निघत."

साडू दाराला डोकं टेकून रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, पण त्याला लाज वाटली नाही. म्हणाला, आजोबा, चूक माझी आहे, फडकं मी विसरलो. पाया पडतो तुमच्या, एवढं दार उघडा.

मग आवाज आला.

"मागे जा. माझ्या खोलीची खिडकी आहे. तिची कडी सैल झालीय. जरा वर उचल... आणि ढकल."

तो मागे धावला. मागे भाजीचा वाफा, घोट्यापर्यंत चिखल. भिंतीत लहानशी लाकडी खिडकी, गज नाहीत. वर उचलली. ढकलली. उघडली.

आत उतरला. अंधार. पायाला खाटेचा कोपरा लागला. बामचा वास.

"आजोबा?"

"माझं राहू दे." कोपऱ्यातून. "आधी पोर."

त्यानं श्वास रोखला. बोळ. झोपायची खोली. पोर उचलली, पुढचं दार उघडलं, अंगणात ठेवली. परत. बाईला काखेत धरून ओढलं. अंगणात. पोर ओकली आणि रडायला लागली. साडू सांगतो, तेवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. बाईची छातीही हलत होती.

मग तो म्हाताऱ्यासाठी परत आत गेला.

डोकं गरगरत होतं. भिंत धरून गेला. बोळाच्या टोकाला. हात पुढे केले.

"आजोबा..."

काही नाही.

"आजोबा, मी आलोय..."

आणि तो तिथेच कोसळला.

कंपनीच्या माणसांनी त्याला तंगड्या धरून बाहेर काढलं. तो ओरडत होता, म्हातारा आत आहे, त्याला आणा. तोंडाला मास्क लावून त्यांनी दोनदा घर पालथं घातलं. कोणी नव्हतं.

दोन दिवस दवाखान्यात काढले त्यानं. दोघी वाचल्या. त्यानं कंपनीला फडक्याचं सगळं लिहून दिलं, आणि मग बाईसमोर जाऊन तेच तोंडानं सांगितलं. तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आजोबा कोण? आम्ही दोघीच राहतो."

त्याला पटेना. त्याला वाटलं, ही लपवतेय, म्हातारा गेला आणि मला सांगत नाहीये. जेवण सुटलं त्याचं. शुक्रवारी दुपारी तो पुन्हा तिच्या दारात उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, ती मागची खोली मला एकदा दाखवा.

बाईनं दाखवली. खाट नव्हती. भिंतीला लागून छातीइतके उंच कापडाचे गठ्ठे, ती राहायला आली तेव्हापासूनचे, दोन वर्षं न हललेले. वर धूळ. खिडकी नव्हती. तो बाहेर जाऊन वाफ्याच्या कडेला उभा राहिला. वरपासून खालपर्यंत सलग गिलावा. वाफ्यात त्याच्या बुटांचे ठसे होते, भिंतीपर्यंत जाणारे. परत येणारा एकही नव्हता.

तो आत आला आणि एकेक गठ्ठा ओढायला लागला. बाईनं अडवलं नाही. तिनंही हात लावला.

शेवटचा गठ्ठा निघाला. मागे पांढरी, कोरी, सलग भिंत. आणि तिच्यावर, कमरेच्या उंचीवर, बुटाचा एक ठसा. त्याच्याच बुटाचा. टाच वर, चवडा खाली, खोलीत उतरणारा.

माती अजून ओली होती.