पहिल्या रांगेचा सूड

"लाकडी आहे! देवाशप्पथ, लाकडी आहे!"

रेयेसचा भाऊ कुर्रो धडाधड जिना चढून आला आणि धापा टाकत गच्चीच्या दारातच बसला. रेयेस आणि निएवेस तिथे ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. सेवियाचा जुलै महिना! दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

"काय लाकडी आहे? तुझं डोकं?" निएवेसने विचारलं. ती शेजारच्या घरात राहायची आणि कुर्रोला छळायची एकही संधी सोडायची नाही.

"बाल्दोमेरोची छत्री! खाली इमारतीच्या चौकात त्याने समुद्रावरच्या छत्र्या वाळत घातल्यात. चार छत्र्यांचे दांडे लोखंडी. पाचवीचा लाकडी! वरून पांढरा रंग फासलाय, कापड नवं निळं आहे, पण दांडा लाकडीच!"

रेयेस ताडकन उठली. "टोक बघितलंस?"

"कसं बघणार! मला बघताच त्याने चप्पल उगारली!"

मागच्या उन्हाळ्यात इमारतीतली सगळी मंडळी बस करून तोरेमोलिनोसच्या किनाऱ्यावर गेली होती. एउसेबिओआजोबांनी सकाळीच पाण्याजवळ आपली जुनी लाकडी छत्री रोवली आणि ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन बघतात तर छत्री गायब! त्या जागी इमारतीतलाच बाल्दोमेरो पाय पसरून बसलेला! "इथे छत्रीबित्री काही नव्हती बुवा," तो म्हणाला. आजोबा भर उन्हात बोडक्या डोक्याने किनारा पालथा घालत राहिले आणि शेवटी चक्कर येऊन पडले.

त्या छत्रीच्या टोकाला आजोबांनी लग्नाच्या वर्षी आजीचं नाव कोरलं होतं. आंगुस्तिआस. आजी गेली, छत्री उरली होती. ती काय बसमध्ये विसरतील आजोबा? पण सगळ्यांनी तेच ठरवून टाकलं. म्हातारा विसरायला लागला! तेव्हापासून आई त्यांना कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानातही एकटं जाऊ देत नव्हती. ते बोलायला लागले की लोक एकमेकांकडे बघून हसायचे. आजोबांनी बोलणंच सोडलं होतं.

"चल, आईला सांगू!" कुर्रो म्हणाला.

"आई मानायची नाही. आजोबा पडले तेव्हा टॅक्सी बोलावली कुणी? बाल्दोमेरोने! आई अजून त्याचे आभार मानते!" रेयेसने दात ओठ खाल्ले. "आणि इथे त्याला पकडलं तर म्हणेल, जुन्या बाजारात घेतली. नाही! सगळ्या इमारतीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याचं नाक कापायचं. आजोबांचं हसं झालं होतं ना? आता त्याचं होऊ दे!"

"कसं पण?" निएवेसने विचारलं.

रेयेस हळूच हसली. ते हसू बघून कुर्रो जरा मागेच सरकला.

"यंदा कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही. उद्या संध्याकाळी बैठक आहे. बाल्दोमेरो कुठला?"

"आलिकांतेचा."

"तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी असते का?"

"असते कसली! बशीतल्या पाण्यासारखा जागच्या जागी असतो," निएवेस म्हणाली आणि मग तिचे डोळेच विस्फारले. "अगं बाई! चिपिओना! तिथे तर महासागर, दुपारी सगळी वाळू पाण्याखाली!"

दुसऱ्या दिवशी तिघं दारोदार फिरली. रेमेदिओसमावशी फार देवभोळ्या. "मावशी, चिपिओनाला माउलीचं चर्च अगदी समुद्रावरच आहे! पाय धुतले की दर्शन!" मावशी तिथल्या तिथे विरघळल्या. वरच्या मजल्यावरच्या काकांना गाडी लागायची. "काका, तोरेमोलिनोसपेक्षा चिपिओना कितीतरी जवळ!" काकाही पटले.

बैठकीला सगळे चौकात खुर्च्या टाकून बसले. बाल्दोमेरो ढेरीवर हात ठेवून म्हणाला, "तोरेमोलिनोस! समुद्र असावा तर तसा. चिपिओना-बिपिओना आपल्याला माहीत नाही."

रेयेस साळसूद चेहरा करून पुढे झाली. "सेन्योर बाल्दोमेरो, तिथे सकाळी केवढी वाळू मोकळी असते ठाऊक आहे? पाण्याला लागून पहिल्या रांगेत हवी तेवढी जागा! पुढे कुणी बसतच नाही!"

"कुणीच नाही?"

"चिटपाखरू नसतं!"

मागून कुणीतरी खोकलं. रेमेदिओसमावशींनी पंखा तोंडासमोर धरला. सेवियातल्या शेंबड्या पोराला कळतं की तिथे पुढे का बसत नाहीत! पण बाल्दोमेरोला सांगायला एकाचंही तोंड उघडलं नाही. वर्षभर त्याने प्रत्येकाशी कशावरून ना कशावरून भांडण उकरलं होतं. बाल्दोमेरोने सगळ्यांत आधी हात वर केला आणि चिपिओना ठरलं!

आजोबांना न्यायला आई तयार नव्हती. "ऊन सोसत नाही त्यांना. पुन्हा काही झालं म्हणजे?"

"मी त्यांचा हात सोडणार नाही! आई, तू त्यांना एकदा तरी विचारलंस का?" रेयेस ओरडली. आजोबा खिडकीशी बसून सगळं ऐकत होते. त्यांनी उठून टोपी घेतली.

बस पोचली तेव्हा ओहोटी होती आणि वाळू दूरवर चमकत होती. इमारतीतली मंडळी वर, किनाऱ्याच्या भिंतीकडेला छत्र्या उभारून बसली. बटाट्याची ऑम्लेटं निघाली, टोमॅटोच्या थंडगार साराच्या, गास्पाचोच्या बाटल्या निघाल्या. बाल्दोमेरो मात्र ओझी ओढत थेट पाण्यापाशी गेला. माणूस एकटा, छत्र्या पाच! शेजारी कुणी टेकू नये म्हणून त्याने पाचही छत्र्या ओळीने रोवल्या, भोवती दोरी बांधली, मध्ये खुर्ची, बर्फाची पेटी आणि टॉवेल मांडले.

"काय हो, समुद्र बघायला दुर्बीण आणलीत का?" तो भिंतीकडे बघून ओरडला.

तेवढ्यात आजोबा रेयेसचा हात सोडवून खाली चालत गेले. रेयेस मागे धावली.

"बाल्दोमेरो, सामान वर घे. दुपारी पाणी इथवर येईल," आजोबा शांतपणे म्हणाले.

रेयेसने आजोबांची बाही ओढली. आता हा ऐकतो की काय! पण बाल्दोमेरो मोठ्याने हसला.

"आजोबा, सकाळी काय खाल्लंत ते तरी आठवतंय का तुम्हाला? मी समुद्राकाठी जन्मलोय! जा, सावलीत बसा. रेयेस, ने बाई यांना, हरवतील."

आजोबांचा चेहरा उतरला. ते वळून चालू लागले. रेयेसने मनातल्या मनात बाल्दोमेरोला अशा शिव्या दिल्या की आईने ऐकल्या असत्या तर तोंडात साबण कोंबला असता.

बाल्दोमेरो खानावळीत कोळंबी खायला गेला आणि चांगला तब्येतीत बसला. पाणी सरकायला लागलं. आधी दोरी भिजली. मग टॉवेल हलले.

"खुर्ची! खुर्ची निघाली!" कुर्रो उड्या मारत होता.

"ओरडू नकोस, मूर्खा! त्याला ऐकू जाईल!" निएवेसने त्याचं तोंड दाबलं.

बर्फाची पेटी डुलत डुलत निघाली. भिंतीकडची सगळी मंडळी खाणं टाकून उभी राहिली होती. तेवढ्यात बाल्दोमेरो धावत आला! गळ्यात रुमाल, हातात कोळंबी! "अरे माझं सामान! अरे कुणीतरी धरा!" तो कपड्यांनिशी पाण्यात घुसला, एका लाटेने आपटला, उठला, पुन्हा आपटला. सगळा किनारा खो खो हसत होता.

एकामागून एक छत्र्या कोसळल्या. पांढऱ्या दांड्याची छत्री उपटून तरंगायला लागली, तशी रेयेसने पाण्यात उडी घेतली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. पण दांड्याचं टोक तिच्या हाती लागलं! दुसरीकडून बाल्दोमेरोने कापड धरलं.

"सोड! माझी आहे ती!"

"तुमची? मग सांगा, टोकाला काय कोरलंय?"

"कोरलंय? काही नाही कोरलेलं! साधा दांडा आहे!"

"आई! सगळेजण! इकडे बघा!"

तिने सगळा जोर लावून हिसका दिला. कापड टर्रकन फाटलं, बाल्दोमेरो पाण्यात बसला आणि रेयेस दांडा डोक्यावर धरून बाहेर आली. रंग कितीही चोपडला तरी खोल कोरलेलं भरून निघतं होय? रेमेदिओसमावशींनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, "आंगुस्तिआस."

हसणं थांबलं.

"गंमत केली होती हो..." बाल्दोमेरो निथळत पुटपुटला. "जागा रिकामीच होती. मग टाकवेना, दांडा मजबूत..."

"माझा बाप उन्हात पडला होता! आणि मी तुझे आभार मानत होते!" आई किंचाळली.

बाल्दोमेरोने सावलीसाठी एका छत्रीकडे पाऊल टाकलं. "जागा नाही," तिथले काका म्हणाले. दुसऱ्या छत्रीखालीही जागा नव्हती. रेमेदिओसमावशींनी तर रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली! त्याने आजोबांकडे बघितलं.

"बस जरा उन्हात," आजोबा म्हणाले. "मी बसलो होतो."

रेयेसला इतकं बरं वाटलं की तिने कुर्रोच्या पाठीत धपाटाच घातला. मग सगळे मुलांभोवती जमले. "शाब्बास पोरांनो!" "काय डोकं चालवलंत!" मावशींनी निएवेसचे गाल ओढले, काकांनी कुर्रोला खांद्यावर घेतलं. आई डोळे पुसत आजोबांना म्हणाली, "बघितलंत बाबा? पोरांनी चोर पकडला!"

आजोबा दांड्यावरचा रंग नखाने खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"छत्री त्याने चोरली, आंपारो. खुळा मला तुम्ही ठरवलंत."

काकांनी कुर्रोला हळूच खाली उतरवलं.

"चुकलं बाबा," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते तुम्हीच ठरवा."

"पुढच्या वर्षी कशाला? उद्याच जाणार आहे मी. बसने. एकटा. कुठे ते विचारायचं नाही."

आईने मान डोलावली. "बरं. जेवायला तरी याल ना?"

"भूक लागली तर येईन," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ऑम्लेटचा सगळ्यांत मोठा तुकडा उचलून रेयेसच्या हातावर ठेवला.