जूनसारखं लिहा

"पालकांना शनिवारीच भेटता येतं. आणि डबा द्यायचा असेल तर शिपायाकडं द्या..."

माझ्या हातातल्या कापडी पिशवीत दोन चेंडू, चार रंगीत ओढण्या आणि एक डफली होती. जिन्यात उभ्या असलेल्या या माणसाला ती डब्याची पिशवी वाटली! मी वर पाहिलं. चष्मा, खडूनं पांढरी झालेली बाही, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की शाळा याच्याच वडिलांनी बांधली असावी.

"मला लेकरू नाही," मी म्हणाले.

"अरे वा," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... अरे वा नाही... सॉरी."

हिमांशूची आणि माझी ओळख झाली ती अशी. शहराच्या गारखेडा भागातल्या त्या शाळेत तो आठवी ब चा वर्गशिक्षक होता. मी पाचोड गावची मोनिका, शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत होते. खरं तर उरकत होते. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. या दिवाळीपर्यंत प्रयोग पुरा झाला नाही, तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात आणि पीएच.डी.च्या अटीवर मिळणारी कॉलेजातली जागाही गेली, हे मला झोपेतसुद्धा पाठ होतं.

गावातली शाळा सातवीला संपते. मग लेकरं शहरात येतात, काकाकडं नाहीतर मामाकडं राहतात, आणि नव्या वर्गात पार बुजून जातात. मीही अशीच आले होते. सबंध वर्ष मधली सुट्टी मी शाळेच्या नळापाशी काढली. तिथं उभं राहिलं की आपण पाणी प्यायला आलोय असं लोकांना वाटतं, एकटी आहे असं वाटत नाही. या रुळण्या-न रुळण्याला विद्यापीठात 'समायोजन' म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

प्रयोग साधा होता. आठवी अ मध्ये दर सोमवारी मी खेळ आणि गप्पा घ्यायच्या. आठवी ब मध्ये काही नाही. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वर्गांना एकच प्रश्नावली द्यायची: शाळेत यावंसं वाटतं का, वर्गात तुझ्याशी कोणी बोलतं का, असे प्रश्न. अ सुधारला आणि ब होता तिथंच राहिला, की माझं म्हणणं सिद्ध. ब ला 'नियंत्रित गट' म्हणतात. नियंत्रण कसलं, त्यांना वाऱ्यावर सोडायचं असतं, इतकंच.

"म्हणजे मी नेमकं काय करायचं?" हिमांशूनं विचारलं.

"काहीच नाही. नेहमीसारखं शिकवायचं."

"काहीच नाही... तुमची आणि माझ्या आईची गाठ घालून द्यायला हवी. तिच्या मते मी जन्मापासून तेच करतोय."

मी हसले. माझे मार्गदर्शक राजेंद्र सर यांनी मला बजावलं होतं की ब च्या शिक्षकापुढं खेळांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पण शाळा सुटली की तो नेमका फाटकाशी भेटायचा, आणि फाटकासमोरच चहाची गाडी होती. आता त्याला मी काय करणार?

"आज काय केलं अ मध्ये?"

"सांगायचं नसतं."

"मग नका सांगू. चहा गार होईपर्यंत नुसत्या बसा."

नुसतं बसणं मला कधी जमलंय! कप अर्धा व्हायच्या आत मी सगळं सांगून मोकळी. हजेरीचा खेळ तर त्याला मी अभिनयासकट करून दाखवला. नंबर पुकारला की 'हजर' म्हणायचं नाही, आज मनात काय हवामान आहे ते सांगायचं... ऊन, ढग नाहीतर पाऊस. ज्याच्याकडं पाऊस असेल, त्याच्याशेजारी मधल्या सुट्टीत कोणीतरी जाऊन बसायचं. विचारायचं काही नाही.

"आणि तुमच्याकडं आज काय?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडं?... ऊन."

"तरीच. मला गॉगल आणायला हवा होता."

एकदा त्यानं मला अनसूयाबद्दल सांगितलं. ती त्याच्या वर्गातली, सिल्लोडकडच्या खेड्यातून आलेली. पणजीचं नाव ठेवलेलं, म्हणून पोरं तिला 'आजी, काठी कुठंय' म्हणून चिडवायची. जूनपासून तिनं वर्गात डबा उघडला नव्हता.

"दिवाळीनंतर ब मध्येही घेणारच आहे मी खेळ," मी म्हटलं.

"दिवाळी लांब आहे हो," तो म्हणाला, आणि मग त्यानं विषय बदलला.

प्रेमात पडल्याचं मला कळलं ते चहावाल्या चाचांमुळं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी माणूस लग्न सोडेल, पण घर सोडणार नाही. त्या दिवशी चाचा कप ठेवता ठेवता म्हणाले, "क्या सर, आज तो आपकी गली में पानी का दिन है ना? आप इधर कैसे?"

हिमांशू चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

"आई भरतेय," तो पुटपुटला.

"आणि शिव्याही घालत असेल," मी म्हणाले.

"घालतेय ना. तुला ऐकू येतायत?"

तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. मी कपात बघत राहिले. सगळा चहा पिऊन झाला होता आणि मी रिकामा कप तोंडाला लावत होते, असं नंतर त्यानंच मला चिडवलं.

तिथून पुढं सोमवार कधी येतो याची मी वाट बघू लागले. अ वर्गासाठी नव्हे, त्याच्यासाठी. रविवारी खेळ आखताना मनात त्याचा चेहरा यायचा... हे ऐकून तो कसा हसेल, कुठं भुवया उडवेल. माझी औरंगपुऱ्यातली खोली जेमतेम पलंगाएवढी, पण त्या महिन्यांत ती मला ऐसपैस वाटायला लागली होती.

सप्टेंबर संपताना, शेवटच्या चाचणीची तारीख सांगायला मी एका सकाळी अचानक आठवी ब कडं गेले. दार लोटलेलं होतं. आतून हिमांशूचा आवाज आला. तो हजेरी घेत होता.

"नऊ?"

"ढग!"

"दहा?"

"कडक ऊन, सर! आज माझा वाढदिवस!"

वर्ग खदखदून हसला. मग एक बारीक आवाज म्हणाला, "माझ्याकडं बी ऊन." आणि कोणीतरी ओरडलं, "ए, अनसूयाकडं ऊन!" लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे कबूल. नंतर मी दारातूनच मागं फिरले. माझे खेळ, माझ्याच तोंडून ऐकलेले, जिथं जायला नको तिथं पोचले होते. ब होता तिथं राहिलाच नव्हता. माझ्या प्रयोगाला मोजायला काही उरलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"कधीपासून?"

"जुलैपासून," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, हे एक बरं केलं. "मोनिका, ती पोरगी रोज भरलेला डबा घरी न्यायची. तिला काय सांगू, मॅडमचा प्रबंध होईस्तोवर थांब?"

"मला सांगायचंस. मी दुसरी शाळा शोधली असती."

"सांगितलं असतं तर तू खेळ सांगायची थांबली असतीस."

"म्हणजे तू चहाला यायचास ते..." वाक्य पुरं करायची मला भीती वाटली.

त्यानं बाहीवरचा खडू झटकला. "आधी खेळांसाठी," तो म्हणाला. "नंतर... नंतर तू पंचांग वाचून दाखवलं असतंस तरी मी आलो असतो."

कोणी प्रेम कबूल केल्यावर बाईला काय काय होतं म्हणतात. मला रडू आलं, आणि ते कशाचं होतं ते सांगता येईना.

"थांब, मी काहीतरी करतो," तो म्हणाला.

"आता कृपा करून काही करू नकोस, हिमांशू."

चाचणी ठरल्या दिवशी झाली. मी आशा सोडली होती, तरी नियमाप्रमाणं दोन्ही वर्गांचे कागद गोळा केले. ब वर्ग त्या दिवशी फार शांत होता. माना खाली घालून लिहीत होता. लेकरं मन लावून लिहितायत, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळत होता. खोलीत बसून मी कागद तपासले आणि पुन्हा तपासले. अ छान वर गेला होता. आणि ब... ब जूनमध्ये होता तिथंच! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी माझी गत झाली. मग मी मनाशी त्याचं कारणही शोधलं. खेळ माझे असले तरी हात त्याचे, त्याला ते साधले नसणार. वरवर हसली असतील पोरं, आतून काही बदललं नसेल. शहाणपण बघा माझं!

मी फोन लावला. "हिमांशू, तुझे खेळ फसले रे! ब तिथंच आहे!"

"हो?... बरं झालं," तो अगदी हळू म्हणाला.

"रुसलास?"

"नाही. तू हसतेयस ना. बास."

"मग ये ना इकडं."

तो आला, स्कूटरवर नखशिखांत भिजून. आम्ही खालच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. पागोळ्या अंगावर उडत होत्या.

"आता विचारू?"

"काय?"

"तुला माहितेय."

"माहितेय. पण तू विचार ना..."

"पाचोडला तुझ्या वडिलांसमोर, आप्पासाहेबांसमोर मी बोलायचं काय, ते सांग आधी. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही."

"काही बोलू नकोस. दोन भाकरी जास्त खा. आप्पांना तेवढं पुरतं."

त्यानं माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता, मी तो दोन्ही हातांत घेऊन चोळला. इतक्या सुखात मी कधीच नव्हते, हे मी आजही म्हणेन.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी आठवी ब मध्ये गेले. लेकरांनी पेढे घेतले आणि ती पळाली. अनसूया तेवढी मागं राहिली. पेढा तिनं खाल्ला नाही.

"मॅडम, तुमचं काम झालं का?"

"झालं की गं. तुला कोणी सांगितलं?"

"सरांनी. सर म्हणले, जूनमधी जसं वाटत व्हतं तसंच लिव्हा, मंग मॅडमचं भलं व्हईल. आमी सगळ्यांनी जूनसारखं लिव्हलं." ती थांबली. "मला समदं आठवलं. लई रडू आलं. पण लिव्हलं मी... 'माझ्याशी कुणीच बोलत नाय' म्हणून."

मी बाकावर बसले.

"मॅडम," ती जवळ आली, "कागदावर लिव्हलं म्हणून परत तसं नाय ना व्हणार?"

"नाय व्हणार," मी म्हणाले. "कधीच नाय व्हणार."

हिमांशू शिक्षकांच्या खोलीत एकटा वह्या तपासत बसला होता. माझा चेहरा बघून त्यानं पेन खाली ठेवलं.

"विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं," मी म्हणाले.

"म्हणून तर विचारलं नाही."

"आधी त्यांच्यासाठी मला फसवलंस. आता माझ्यासाठी त्यांना. उद्या कोणासाठी कोणाला फसवशील?"

"तुझी इतकी वर्षं माझ्यामुळं बुडत होती, मोनिका. मी दुसरं काय करायला हवं होतं?" त्याचे डोळे भरून आले होते. "कागद तुझ्याकडं आहेत. लेकरं कोणाला बोलणार नाहीत. तू फक्त जमा कर... आणि आपण पाचोडला जाऊ."

मनात आलं, करावेत. डॉक्टरेट, नोकरी, हा समोरचा माणूस, सगळं हाताशी होतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला काय लागतं? पण मग तो पेढा हातात धरून उभी राहिलेली पोरगी डोळ्यांपुढं आली. त्या संध्याकाळी पावसात मी ज्या आनंदात भिजले, तो तिच्या रडण्यातून आला होता. आणि याला ते ठाऊक होतं. तरी यानं माझा हात धरून मला हसू दिलं.

"मी येते," मी म्हणाले.

"म्हणजे... आपलं?"

"आपलं नाही जमायचं, हिमांशू. तू जे काही करशील ते प्रेमानंच करशील, मला माहितेय. पण मला दर वेळी वाटत राहील, हे कोणाच्या पदरातून काढून आणलंय यानं."

त्यानं मला अडवलं नाही. अडवायला हवं होतं की नाही, ते माझं मलाच कळत नाही.

मी ब वर्गाची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी लेकरांना म्हटलं, आज जसं वाटतंय तसंच लिहा. दोन्ही वर्ग सारखेच सुधारलेले निघाले. राजेंद्र सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दोन गटांत फरकच नाही. मग मांडणार काय तुम्ही?" दिवाळीत माझी मुदत संपली. कॉलेजातली जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली.

पाचोडला आई करंज्या करत होती. मी कडा मुरडायला बसले. आप्पा बाजारात गेले होते.

"पाव्हणा येणार व्हता म्हनं शहरातून," आई म्हणाली. "आला नाय?"

"नाय."

"पोरगा वाईट निघाला का?"

"नाय गं. चांगलाय."

"मंग?"

"एका पोरीला त्यानं हसायला शिकवलं, आई. अन् माझ्यासाठी तिला परत रडायला लावलं."

आईनं झाऱ्यानं कढईतली करंजी उलटी केली. करंजी तांबूस झाल्यावर तिनं ती बाहेर काढली.

"अन् तुला? आवडतो का अजून?"

माझ्या हातातली करंजी फुटली, सारण ताटात सांडलं.

"लई," मी म्हणाले.