कळवा, थांबवा

शंकर आवटींच्या देहाची दोषवही आता फक्त एकाच पत्त्यावर मेल पाठवत होती आणि तो पत्ता त्यांच्या बायकोचा होता. तीन वर्षांपूर्वी असे पत्ते एकशे त्रेचाळीस होते.

दोषवही ही मुळात सॉफ्टवेअर कंपन्यांतली सोय. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की तिला नंबर द्यायचा, ती कोण दुरुस्त करतंय आणि काम कुठवर आलंय ते लिहीत जायचं. पुढे माणसाच्या रक्तात दुरुस्तकण सोडायला लागले. ही डोळ्यांना न दिसणारी यंत्रं शरीरात फिरून झिजलेलं सांधतात, तुंबलेलं मोकळं करतात. शरीरातल्या दोषांना नंबर द्यायला रुग्णालयांनी हीच दोषवही उचलली. नवं लिहिण्यापेक्षा जुनं चालवून घेणं ही आपली आवडती शास्त्रीय पद्धत आहे.

या वहीत मेलच्या आज्ञा बसवल्या निरंजन खाडेने. रुग्णाचा नंबर आणि पुढे 'कळवा' एवढं लिहून पाठवलं की रोजची खबर घरबसल्या मिळे. 'थांबवा' लिहिलं की बंद. लोकांना ते फारच सोयीचं झालं. पूर्वी समाचाराला जायचं तर शहाळं न्यावं लागे आणि खाटेशेजारी बसून काय बोलावं ते सुचत नसे. आता 'कळवा' पाठवलं की समाचार घेतला असं धरत. बरे होणारे बरे झाले, त्यांच्या नोंदी मिटल्या. शंकररावांच्या मेंदूची इजा मात्र बरीही होईना आणि वाढेही ना. रोज मरे त्याला कोण रडे? भाऊ, भाचे, यंत्रमागावरचे सोबती आणि शेवटी पोटची मुलगी, सगळ्यांनी एकेक करून 'थांबवा' पाठवलं.

"तुमीच बसवलंय न्हवं हे?" कोल्हापूरच्या ऑफिसात कमल आवटींनी निरंजनच्या टेबलावर मोबाइल ठेवला. इचलकरंजीहून त्या सकाळच्या एसटीने आल्या होत्या.

"हो, ताई. काय अडचण आहे?"

"रोज सकाळी येतंय. वाचते आन् आंघोळीला जाते. परवा ध्यानात आलं, वाचून मला काईच वाटत न्हाई. मालकांचं अंग पुसते, कूस बदलते, त्येचं काय न्हाई. पण हे नको वाटतंय. थांबवा पाठवाय गेले तर ह्ये आलं."

स्क्रीनवर लिहिलं होतं: 'तुम्ही शेवटच्या आहात. तुम्ही थांबल्यास नोंद बंद होईल.'

"नोंद बंद म्हंजे काय वो?"

निरंजनला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. "ज्या चुकीची खबर कुणालाच नको, ती चूक कुणाला छळत नाही, असं आम्ही प्रोग्रॅमवाले धरतो. ती मिटवतो आणि माणसं दुसऱ्या कामाला लावतो."

"आन् हितं?"

"इथे कण दुसऱ्या कामाला लागतात. ते मोजकेच असतात. नोंद मिटली की चार दिवसांत शरीराबाहेर येतात आणि दुसऱ्या रुग्णाला जातात."

"मंग मालक?"

"आठवडाभर. फार तर दहा दिवस."

"हा नियम कुणी केला?"

"मी. प्रोग्रॅमसाठी केला होता. रुग्णालयात आल्यावर कुणी काढला नाही."

"मंग आता काढा."

"कणांसाठी सहा हजार माणसं रांगेत आहेत, ताई. या नियमामुळेच रांग हलते."

कमलबाई रडल्या नाहीत. "त्यांनी जगाय पायजे. फकस्त मला रोज सांगू नका."

निरंजनला त्यांची दया आली आणि नियमाची लाजही वाटली. नातं कोणतं, हे वही विचारत नसे. त्याने स्वतःच्या पत्त्यावरून 'कळवा' पाठवलं. "आता शेवटचा मी. तुम्ही थांबा."

त्यांनी तिथेच 'थांबवा' पाठवलं आणि परतीची एसटी धरली.

येणारे मेल न उघडता एका वेगळ्या खणात पडतील अशी व्यवस्था निरंजनने केली. पण इचलकरंजीत बातमी पसरली. दुसरी बाई आली, मग दोघे भाऊ आले, मग रोजच कोणी ना कोणी. वर्षभरात तो चारशे अकरा देहांचा शेवटचा माणूस झाला. सुरुवातीला त्याला प्रत्येकाचं नाव पाठ होतं. पुढे तो नंबरही बघेनासा झाला.

मार्चमध्ये सलग पाच दिवस त्याला एकही मेल आला नाही. बरंच आहे, असं म्हणून त्याने चौकशी केली नाही. सहाव्या दिवशी कळलं की चारशे अकरा खबरा रोज साठून त्याचा मेलबॉक्स काठोकाठ भरला होता आणि मेल परत जात होते. लागोपाठ तीनदा मेल परत आला तर तो पत्ता खोडायचा, हाही त्याचाच नियम. पहिल्याच दिवशी पत्ता खोडला गेला, मागे कोणी उरलं नाही, नोंदी मिटल्या. मिटल्याची खबर ज्यांनी 'कळवा' म्हटलंय त्यांनाच जाते. तसं आता कोणीच नव्हतं.

त्याने रुग्णालयात फोन केला. कण तोवर दुसऱ्या चारशे अकरा माणसांत गेले होते. "परत हवेत तर कुणाच्या अंगातून काढू, ते सांगा," तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. निरंजनने फोन ठेवला. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, एवढंच त्याला वाटलं.

तो इचलकरंजीला गेला. कमलबाईंनी दार उघडलं. त्यांची तब्येत सुधारली होती. दुपारी त्या आता शिवणाच्या क्लासला जात होत्या आणि झोपही लागत होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. शंकरराव भिंतीकडे तोंड करून निजले होते. कमलबाईंनी चहा दिला.

"दोन दिस झालं, मालकांचा रंग उतरल्यागत वाटतोय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्याचं असंल. मेल येतंय न्हवं तुमाला रोज?"

वाटेत एसटीत निरंजनने चार वाक्यं जुळवली होती. ती चारही त्याला आठवत होती.

"येतंय," तो म्हणाला.

"मंग झालं तर." कमलबाईंनी नवऱ्याच्या पायांवरची चादर सारखी केली आणि निरंजनला आणखी चहा हवा का विचारलं. त्याने कप पुढे केला.