तीन गोळ्या, चार भोकं

डोंगरावर न्यायची रायफल निवडताना लोक आधी नळी बघतात, मग दुर्बीण, मग किंमत. मी चाळीस वर्षं तोल्मिन गावात बंदुका दुरुस्त केल्या, तेव्हा माझं ऐका. आधी आपले गुडघे बघावेत. दुकानात साडेचार किलोची रायफल हातात घेतली की छान वाटतं. दोन हजार मीटरवर पोचेपर्यंत तीच एखाद्या जाड्या सासऱ्यासारखी खांद्यावर बसलेली असते. बरं, फार हलकी घ्यावी, तर झाडताना लाथ घालते. शिवाय तिची पातळ नळी तीन गोळ्यांत तापते आणि पुढची भलतीकडेच टाकते.

नेझाला मी हेच समजावत होतो. नेझा म्हणजे गाश्पेरची मुलगी, वय एकोणतीस, इस्पितळात नर्स. त्या वर्षी ती शिकारीची परीक्षा पास झाली होती आणि पहिली रायफल मीच निवडून द्यावी असा तिचा हट्ट होता. मी आधी कंबर दुखते म्हणालो. कंबर फार दिवस दुखवता येईना, तेव्हा बटाटे काढायचे आहेत म्हणालो. तर ती शनिवारी फावडं घेऊन हजर झाली, दुपारच्या आत शेत रिकामं केलं, माझ्याच स्वयंपाकघरात बटाटे-चीजची फ्रिका भाजून मला वाढली आणि म्हणाली, "लोव्रोकाका, अजून काही दुखतंय का?"

दुखत होतं, पण ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. गाश्पेर माझा मित्र. अकरा वर्षांपूर्वी तो सिवा पेचच्या कड्यावरून पडून गेला. तो माझ्यामुळे गेला. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि नेझाला सांगायचं असं मी दर ऑक्टोबरात ठरवत होतो आणि दर ऑक्टोबरात बटाटे काढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चांदमारीवर गेलो. आमची चांदमारी गावाच्या वर, जुन्या दगडखाणीत आहे. तिन्ही बाजूंना पांढऱ्या चुनखडीच्या भिंती, रात्रीच्या दवाने ओल्या. एका टोकाला पत्र्याची शेड, त्यात टेबल आणि वाळूच्या पिशव्या, आणि बरोबर शंभर मीटरवर निशाणाच्या फळ्या. रविवार असूनही दुसरं कोणी नव्हतं. माझं दुकान आता भाचा चालवतो. त्याच्याकडून मी तीन बोल्टच्या रायफली आणल्या होत्या.

पहिली अक्रोडी दस्त्याची, तीन किलोंच्या थोडी वर. नेझाने नवे कागद लावले, एक तिचा, एक माझा. तिने तीन गोळ्या झाडल्या, मग मी तीन. दुर्बिणीतून न बघता आम्ही चालत गेलो. कागदापाशी गप्पा मारत जायची पद्धत आहे. तिच्या कागदावर तीन भोकं, एका नाण्याखाली झाकतील अशी. माझ्याही कागदावर तशीच तीन, आणि चौथं वीतभर खाली, डावीकडे.

"मोजता येतं ना अजून?" नेझा म्हणाली.

कागद जुना असेल, म्हटलं. तिने तो आत्ताच गठ्ठ्यातून काढला होता. मग मीच चार झाडल्या असतील, म्हातारा झालोय. तिने काडतुसांची डबी आणून माझ्यापुढे धरली. वीसांतली चौदा शिल्लक होती. रायफल जड आहे एवढ्यावर आमचं एकमत झालं.

दुसरी कार्बनच्या दस्त्याची, अडीच किलोची. खेळण्यासारखी. या खेपेला मी तीन काडतुसं टेबलावर ओळीने उभी केली आणि एकेक उचलून भरलं. बोल्ट मागे ओढताना रिकामं टरफल उडायचं, ते नेझा उचलून खिशात टाकायची. तीन टरफलं.

कागदावर चार भोकं. चौथं त्याच जागी.

त्या भोकाच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. नेझाने ते दोन नखांत धरून उजेडाकडे केलं. परीक्षेसाठी तिने केसांचे नमुने पाठ केले होते. कुठला केस कुठल्या जनावराचा आणि अंगाच्या कुठल्या भागाचा, हे आमच्याकडे विचारतातच.

"गामस," ती म्हणाली. गामस ही आमच्या कड्यांवरची रानशेळी. "आखूड, फिकट. पोटाखालचा."

माझ्या जाकिटाचा असेल, मी म्हणालो. हे जाकीट शेवटचं कधी धुतलं, असं तिने विचारलं. युगोस्लाव्हिया होता तेव्हा, मी म्हणालो. ती हसली, पण केस तिने टाकला नाही. रुमालात ठेवला.

मी म्हटलं, आता बास, धुकं येतंय. आकाश कोरं निळं होतं.

"तिसरी राहिली की," नेझा म्हणाली. "मला तीच आवडलीय. आधी तुम्ही झाडा."

तिसरी खरंच चांगली होती. दोन किलो आठशे, तोल नेमका चापाच्या पुढे, चाप असा की मनात आलं की सुटावा. कोणाच्याही पोरीला मी हीच दिली असती. मी गाल दस्त्याला लावला, श्वास सोडला, झाडली. दोन. तीन. कानांवरची आवाजरोधक झाकणं आम्ही दोघांनी काढली.

आणि मग समोरून तो आवाज आला.

कागदाला गोळी लागल्याचा आवाज होत नाही. हा आवाज ओल्या पोत्यावर तळहात मारावा तसा होता. आमच्या खोऱ्यात तो प्रत्येक शिकाऱ्याला कळतो. नेझालाही कळला असावा. ती आधी फळीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघू लागली.

शंभर मीटर चालायला मला फार वेळ लागला.

तीन भोकं एकमेकांत मिसळलेली. चौथ्याच्या कडा ओल्या होत्या. त्यातून हिरवट तपकिरी ओघळ खाली आला होता, आणि चघळलेल्या गवताचा आंबट वास येत होता.

"पोटात लागली," नेझा म्हणाली. परीक्षकापुढे उभं राहून बोलावं तसं, सपाट आवाजात. "तीन-चार तास थांबायचं. मग कुत्रा घेऊन माग काढायचा. चुकली असं वाटलं तरी जागा बघितल्याशिवाय घरी जायचं नाही."

मी फळीला धरून उभा राहिलो आणि तिला सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी सिवा पेचखाली मी गामसाच्या मादीवर गोळी झाडली. तिच्यामागे पिल्लू होतं. आमच्याकडे नियम आहे, आधी पिल्लू मारायचं, मग आई. आईला आधी मारणं यापेक्षा मोठी लाज नाही. पिल्लू मला गोळी सुटल्यावर दिसलं. मादी पाठ वाकवून खुरट्या पाइनांत चालत गेली, पिल्लू तिच्या मागे. तो आवाज मी ऐकला होता. खाली शिकाऱ्यांच्या झोपडीत येऊन मी म्हणालो, चुकली, जागा बघितली, रक्त नाही. शिकारी लागल्याच्या थापा मारतो. चुकल्याची थाप कोण मारेल? सगळे हसले, माझ्याकडून नाशपातीच्या दारूची बाटली वसूल केली. गोळी सुटली तेव्हा समोरच्या उतारावर असलेला गाश्पेर तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची कुत्री बिस्त्रा एकटेच वर गेले. तिसऱ्या दिवशी तो कड्याखाली सापडला. कुत्री सापडलीच नाही. लोक म्हणाले, गामसांसाठी मीठ ठेवायला गेला असेल. मीही तसंच म्हणालो. शवपेटीला पुढून खांदा माझा होता.

नेझाने कागद काढला, घडी घातली.

"बाबा आईला सांगून गेले होते," ती म्हणाली. "लोव्रोची लागलीय, गुपचूप बघून येतो, चारचौघांत त्याची लाज जायला नको."

मला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती.

"अकरा वर्षं तुम्हाला दोघींना…"

"आई म्हणायची, लोव्रो स्वतः येऊन सांगेल. मी म्हणायचे, तो मेला तरी सांगणार नाही. पैज होती आमची. आई मार्चमध्ये गेली. जिंकल्याचं तिला कळलं नाही."

तिने दोन रायफली शेडच्या कपाटात बंद केल्या आणि तिसरी खांद्याला अडकवली.

"चला काका."

"कुठे?"

"माग काढायचा राहिलाय."

वर जायला अडीच तास लागले. रायफल तिच्या खांद्यावर होती आणि धाप मला लागत होती. ती एकदाही थांबा म्हणाली नाही, पण पावलं मात्र माझ्या बेताने टाकत होती. ऑक्टोबरची कोरडी दुपार. सावलीतल्या गवतावर अजून दहिवर होतं. मादी उभी होती ती जागा मी न शोधता दाखवली.

पांढऱ्या दगडावर रक्त होतं. काळसर, पातळ, त्यात गवताचे कण.

मी बोट टेकवलं. कोमट होतं.

रक्ताशेजारी पाइनची डहाळी तोडून ठेवली होती. माग काढणारा अशी ठेवतो, बुंध्याकडचं टोक जनावर गेलं त्या दिशेला, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. वीस पावलांवर दुसरी. मग तिसरी. प्रत्येक मोडल्या टोकावरचा ताजा डिंक बोटाला चिकटत होता.

"आपल्या आधी कोण आलंय?" नेझाने विचारलं. आवाज हळू होता.

डहाळ्या कड्याकडे जात होत्या.

काठावर, जिथून पुढे नुसती हवा आहे, तिथे दोन डहाळ्या एकीवर एक आडव्या ठेवल्या होत्या. फुली.

"ही माहितीय मला," नेझा म्हणाली. "फुली म्हणजे, मी इथे तुझी वाट बघतोय. आणि वाट बघणारा कंटाळून निघून गेला, तर जाताना त्या डहाळ्यांचे बाजूचे फाटे छाटतो. उशिरा येणाऱ्याला समजावं, तो गेला म्हणून."

मी गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही डहाळ्या जवळून पाहिल्या.

एकही फाटा छाटलेला नव्हता.